सरकीवाल्या काकांची वाटणी

खोटं बोलायला निघून खरं बोलून बसण्यात आमच्या शेजारच्या सरकीवाल्या काकांचा हात धरील असा माणूस अख्ख्या परभणीत झाला नाही. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतही ते मोंढ्यात शांतपणे सरकी विकत बसले होते. पण विलीनीकरणानंतर इन्कमटॅक्स आला आणि गडी खचला. "निजामानं समदं घेतलं, पर चुलीपाशी येऊन हिशेब न्हाई इचारला," असं ते दिसेल त्याला सांगत. वकिलाने तोड काढली. एकत्र कुटुंबाला कर जड पडतो. दोघा भावांनी वेगळं व्हावं, म्हणजे दोघांच्याही मिळकती लहान होतील. मात्र वाटणी खरी हवी. इन्कमटॅक्सचे साहेब चुली बघायला येणार.

काकांनी वाटणीचा सपाटाच लावला. स्वयंपाकघरात छातीइतकी मातीची भिंत घातली, पाटे-वरवंटे वेगळे केले, आणि शेजारीपाजारी साक्षीला असावेत म्हणून भर ओट्यावर धाकट्या भावाशी भांडणही मांडलं. "बाप्या, आजपून तुझं तोंड बघनार न्हाई!" आळी गोळा झाली, तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "औषध घेतलंस का रं?" भिंतीवरून दोघी जावांच्या कालवणाच्या वाट्यांची ये-जा चालूच होती. काकू म्हणत, "वाटनी कशाची? उगं हात वर करून करून खांदे दुखायलेत."

साहेब आले त्या दिवशी पंच म्हणून मी हजर होतो. साहेबांनी दोन्ही चुली पाहिल्या, मान डोलावली. काम फत्ते झालं होतं. पण दारी आलेला माणूस उपाशी कसा जाणार? पानं वाढली. साहेब जेवू लागले, मी जेवू लागलो, काका मात्र भाकरीला हात लावीनात. शेवटी न राहवून भिंतीकडे तोंड करून ओरडले, "बापू, कवाचा थांबलोय! ये की, भाकर गार व्हायलीय!" आणि पलीकडून बापूकाका सवयीने आपलं ताट घेऊन आले नि भावाच्या मांडीला मांडी लावून बसले. साहेबांना ठसका लागला.

"शेठ, तुम्ही वेगळे झालात ना?"

"झालो की साहेब! पर जेवायला कसं वेगळं बसावं, ते वकिलानं न्हाई सांगितलं."

वाटणीचा अर्ज फेटाळला गेला. भिंत काकूंनी त्याच संध्याकाळी पहारीने पाडली. पुढे दरसाल पूर्ण कर भरून आले की काका मला म्हणत, "भाऊ लय महाग पडायलाय बरं का!" इतक्या आनंदाने कुरकुरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दोघेही भाऊ आता नाहीत. त्या घराला आज दोन दारं आहेत, आणि ती वाटणी कुणाला तपासावी लागली नाही. परभणीला गेलो की मी मुद्दाम त्या गल्लीत जातो. काकांची फार आठवण येते. पण कोणत्या दारातून आत जावं ते कळत नाही, म्हणून तसाच पुढे निघतो.