पहिल्या वेलांटीच्या गावात कुणीच राहत नव्हतं

लोणी काळभोरला जायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे पाण्याची बाटली होती, भिंग होतं आणि न जाण्यासाठी ढीगभर कारणं होती. ज्यांना भेटायला निघाले होते त्यांच्यापैकी एकालाही मी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यापैकी कुणी मला कधी उत्तरही दिलेलं नव्हतं. हा प्रवास खरा सुरू झाला कर्वेनगरमध्ये, माझ्या टेबलावर. विकेंद्रित सोशल नेटवर्कवर तुम्हीही नवे असाल, तर हा पहिला टप्पा गाळू नका.

विकेंद्रित म्हणजे तिथे एका कंपनीचं मोठं शहर नसतं, लहान लहान सर्व्हरांची गावं असतात. एका गावात खातं उघडायचं, तिथले नियम पाळायचे, पण बोलता मात्र सगळ्या गावांशी येतं. मी एक लहानसा मराठी सर्व्हर निवडला. ‘इथे का यायचंय ते दोन ओळींत लिहा’ असं विचारलं होतं. मी तीन परिच्छेद लिहिले आणि त्यातलं एखादं वाक्य उद्धट तर वाटलं नसेल ना, या विचारात दोन दिवस काढले. प्रवेश मिळाला. ‘भेगेतली’ हे नाव घेतलं. स्वतःची ओळख द्यायच्या जागी लिहिलं, ‘लेखनातील चुका कळवाव्यात.’

आत गेले तर सगळं रिकामं. इथे तुमची आवड ओळखून कुणी ताट वाढत नाही. माणसं आपली आपण शोधायची, आणि शोधायची ती टॅगवरून.

मला भिंतींच्या भेगांत आणि फुटपाथच्या सांध्यांत उगवणारी झाडं बघायला आवडतात. म्हणून टॅग लिहिला, #वनस्पतिमित्र. सुटा शब्द ‘वनस्पती’ असेल तर दुसरी वेलांटी, समासात पहिली. हे बाबांनी शिकवलेलं. दहावीपर्यंत मी घरीच शिकले. बाबांकडे भाषा, आईकडे गणित आणि विज्ञान. शिक्षण उत्तम झालं, पण मधल्या सुट्टीत घोळक्यात कसं शिरायचं हा विषय आमच्याकडे नव्हता. या नेटवर्कवर तरी चार माणसं मिळावीत, एवढीच माझी इच्छा होती.

त्या टॅगखाली कुणीच नव्हतं. मी रोज एक फोटो टाकू लागले. ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी खाली वर्णन लिहायची तिथे पद्धत आहे, तेही नीट लिहायचे. आठवडे गेले. आवडलं की तिथे तारा देतात, तो साधा एकही नाही. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, इथेही आपण नकोसे आहोत.

मग एका दुपारी कीबोर्डने आपणहून दुसरी वेलांटी सुचवली आणि घाईत माझं बोट तिच्यावर पडलं. #वनस्पतीमित्र. गाव गजबजलेलं होतं! पाथरीची भाजी, पुलाच्या कठड्यातला पिंपळ, कुणाचे वाद, कुणाची चेष्टा. मशीनच्या लेखी हे दोन वेगळे शब्द होते.

बाबांना दाखवलं.

“गर्दी दुसऱ्या वेलांटीत आहे म्हणून पहिली चूक ठरत नाही,” ते म्हणाले.

“पण पहिलीत मी एकटीच आहे, बाबा.”



त्या गर्दीतच सूचना दिसली: रविवारी सकाळी लोणी काळभोर, कालव्याकाठी फेरी, सर्वांना खुली. ‘मी आले तर चालेल का?’ असं लिहिलं आणि पुसून टाकलं. तुम्ही अशा भेटीला जाणार असाल तर जागा उघड्यावरची असावी, वेळ दिवसाची असावी आणि घरी सांगून जावं. मी घरी इतकं सविस्तर सांगितलं की शेवटी आईच म्हणाली, “आता जा गं बाई.”

कर्वेनगरहून स्वारगेट, तिथून हडपसर आणि पुढे सोलापूर रस्ता. बसचा दिवसभराचा पास काढा, म्हणजे चुकीच्या बसमध्ये चढलो तरी पैसे वाया जायची धास्ती राहत नाही. स्वारगेटला खिडकीवर विचारलं, “लोणीची बस कुठे लागते?”

“कंद की काळभोर? नुसतं लोणी डेअरीत मिळतं.”

मागचे दोघे हसले. बस सापडेपर्यंत मी मनात ‘काळभोर, काळभोर’ घोकत होते. हडपसरनंतर ट्रकांमागे बस रेंगाळली आणि मला बरंच वाटलं. उशीर झाला तर परत फिरता येईल.

फाट्यावर चहा आणि वडापाव मिळतो, खाऊन घ्या, पुढे काही नाही. मी वडापाव तसाच पिशवीत ठेवला. कालव्यावर सात-आठ जण वाकून काहीतरी बघत होते. मी जरा लांब, एका गुलाबी फुलांच्या झुडपाशी थांबले.

खडकीहून आलेले शिरीषकाका फेरीचे म्होरके होते. त्यांनी मान वर केली. “हिला बेशरम म्हणतात. कुणी आमंत्रण देत नाही, तरी येऊन बसते. आपण कोण?”

“भेगेतली,” मी म्हटलं.

“अरेच्चा! पहिल्या वेलांटीवाल्या?”

सगळे वळून बघू लागले. 

“अगं बाई, तू होय ती?” लोणीच्याच एक मंगलताई पुढे आल्या. “मला वाटलं, कुणी रिटायर झालेली बाई हाय. काकांनी सांगितलं, तिकडं एकजण एकटीच लिहीत बसते, तवापासून रोज वाचते. रेंज नसली की फोटो काय उघडत न्हाई, पण तुझं वर्णन उघडतं.”

“मग कधी काही लिहिलं का नाहीत?”

“काय लिहू? म्या एक वळ लिहायची आन तू लाल शाई काढायची!”

“मी कशाला काढीन?”

“दारावर पाटीच लावलीय की तुम्ही,” काका म्हणाले. “‘लेखनातील चुका कळवाव्यात.’ पुण्यात पाटी वाचून माणूस बेल न वाजवताच परत जातो.”

“अहो, माझ्या चुका! माझ्या कळवाव्यात, असं म्हणायचं होतं.”

“मग ‘माझ्या’ हा शब्द कुठाय?”

खरंच नव्हता. मंगलताई इतक्या हसल्या की त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. पुढचे दोन तास तो हात बऱ्यापैकी तिथेच होता. पाणकणीस पाहिलं, माका पाहिला, आणि एका रोपावरून काकांशी मी चक्क वाद घातला.

परत येताना बस भरलेली होती. फेरीत बोललेलं प्रत्येक वाक्य मी मनात पुन्हा तपासलं, दोन वाक्यं नको होती असं वाटलं. भीती काही लोणीत राहिली नाही, माझ्याबरोबरच घरी आली. पण इतके आठवडे मी ज्याला नकार समजत होते त्यामागे माझं वाचणारी माणसं होती, आणि तीही घाबरून दाराबाहेर उभी होती. भीतीसोबत आलेलं ते एवढंच.

संध्याकाळी ओळखीतली ती ओळ काढून टाकली. तेवढ्यात मंगलताईंचा फोटो आला, खाली दोन ओळी, माझं नाव घालून: ‘घरा मागं हे ऊगवलंय. माका हाय का ग?’ टॅग दुसऱ्या वेलांटीचा.

बाबा मागे येऊन उभे राहिले. “तीन चुका आहेत.”

“हो.”

“सांगणार नाहीस?”

“त्यांनी माका आहे का ते विचारलंय, बाबा.”