विरुद्ध बाजूचं भाषण

मी डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. त्या वर्षी आंतरशालेय वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'हवामान बदल हे मानवनिर्मित संकट आहे'. चिठ्ठ्या काढल्या आणि आमच्या शाळेच्या मुलीच्या वाट्याला विरुद्ध बाजू आली. भाषणं लिहून द्यायचं काम माझ्याकडेच असायचं. जगभरच्या शास्त्रज्ञांचं यावर एकमत आहे, पुरावे ढीगभर आहेत, असं मी वर्गात शिकवायचो. त्याच्या नेमकं उलटं मी एका बैठकीत लिहून काढलं. आणि खोटं कशाला सांगू, लिहिताना मजा आली. 'शास्त्रज्ञांचं एकमत म्हणजे काय, तर एकमेकांची पाठ थोपटणं!' 'पंख्याखाली घाम पुसणाऱ्यांनो, उन्हाळा तुमच्या आजोबांनीही पाहिला होता!' टाळ्यांनी सभागृह दणाणलं. करंडक आमच्याकडे आला.

ठाण्यात कोपरीला ताईकडे गेलो तेव्हा मी फुशारकीनं ते भाषण वाचून दाखवलं. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बँकेतून निवृत्त झालेले. ते एकदम खूश.

"मास्तर, हा कागद मला हवा. खाली सही करून द्या."

मीही ऐटीत सही ठोकली.

पुढचे उन्हाळे एकाहून एक वाईट निघाले. भाऊजींनी सत्तरी ओलांडली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, पण भर दुपारी जेवून स्टेशनपलीकडे टेंभी नाक्याच्या मित्राकडे पत्ते खेळायला चालत जाणं काही सुटेना. रिक्षा नको, छत्री नको. ताई रडकुंडीला यायची. दर रविवारी जाऊन मी समजावायचो.

"भाऊजी, ते स्पर्धेपुरतं होतं. ती बाजू वाट्याला आलेली म्हणून लिहिलं. खरं नाहीये ते."

"अहो, विज्ञानाचे मास्तर तुम्ही. खोटं असतं तर सही केली असतीत?" ते हसायचे. "आता कोणीतरी तुमचे कान भरलेले दिसतायत."

टीव्हीवरच्या शास्त्रज्ञांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, माझ्यावर मात्र होता. घरी परतताना माझा संताप संताप व्हायचा, त्यांच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त.

एप्रिलमधल्या एका दुपारी स्टेशनचा पूल उतरल्यावर ते फुटपाथवर कोसळले. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. तिसऱ्या दिवशी गेले.

तेरावं झाल्यावर ताई त्यांचं कपाट आवरत होती. औषधांच्या फाइलमधून तो कागद निघाला. घड्या फाटू नयेत म्हणून त्यांनी मागून चिकटपट्टी लावली होती. मी हात पुढे केला.

"दे इकडे. फाडून टाकतो."

"काहीतरीच काय!" तिनं तो छातीशी धरला. "रोज दुपारी मी कळवळून सांगायचे रे, अहो, माझं नका ऐकू, पण माझ्या भावाचं तरी ऐका. तर ते हा कागद काढून दाखवायचे. म्हणायचे, त्याचंच तर ऐकतोय."