जयवंतरावांचा पहारेकरी

तरसालीच्या जयवंतरावांचे पणजोबा संस्थानी पलटणीत पहाऱ्याला होते, आणि ही गोष्ट त्यांनी कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्यातही कोणाला विसरू दिली नाही. हाताखाली दोन सर्व्हर. एक राबायचा, दुसरा तयारीत उभा. पहिला पडला की डेटाबेस दुसऱ्यावर जाई. पहाटे आपोआप होणारी कामं, डेपोचे रिपोर्ट म्हणा, कँटीनची ऑर्डर म्हणा, त्यांचं वेळापत्रक मात्र दोन्ही मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये वेगवेगळं. एकाचं बंद, दुसऱ्याचं चालू, हे जयवंतराव स्वतःच्या हाताने करत.

नवी आलेली वैष्णवी म्हणाली, "काका, वेळापत्रक डेटाबेसमध्येच ठेवू या. डेटाबेस जाईल तिथे तेही जाईल."

"बेटा, पहारेकरी दारात उभा करतात, तिजोरीत कोंडत नाहीत."

साहेब मोहनराव वादाला कंटाळले. "चालू द्या तुमचंच. पण घोटाळा झाला, तर उत्तरायणला, ऐन पतंगांच्या सणात, तुम्ही ऑफिसात."

जयवंतरावांचा मेहुणा समरजित पादरा गावाहून मांजा घेऊन येणार होता. दर सणाला हा यांचे पतंग कापी, आणि जेवायलाही पहिला बसे. यंदा हिशेब चुकता करायचा होता.

तेवढ्यात पहिला सर्व्हर दुरुस्तीला गेला. जयवंतरावांनी दुसऱ्याचं वेळापत्रक चालू केलं. पहिला परत उभा राहिला, तो आपलं जुनं वेळापत्रक घेऊनच. ते बंद करायचं राहिलं. पहाटे दोघांनीही इमानाने ऑर्डर धाडली, आणि कँटीनच्या दारात उंधियूच्या भाजीची पातेली दुप्पट उतरली.

"उंधियू मस्त होतं," मोहनराव म्हणाले. "सणालाही इथेच जेवा."

जयवंतराव वैष्णवीच्या टेबलाशी गेले. "बेटा, तिजोरीत जागा आहे का?"

तिने हसत सगळी कामं डेटाबेसमध्ये हलवली. मुद्दाम सर्व्हर बदलून पाहिला, तर ऑर्डर एकच गेली. साहेबांनी सुट्टी दिली. वैष्णवी म्हणाली, "एक काम मात्र बाहेरच राहील, काका. डेटाबेस बंद पडलाय, हे तो स्वतः कसा सांगणार?"

जयवंतरावांची मिशी वर झाली. "तो पहारा माझा." आणि त्यांनी ऑपरेटिंग सिस्टीमला हुकूम दिला: डेटाबेस चालू आहे की नाही, ते थोड्या थोड्या वेळाने माझ्या मोबाइलवर कळव.

उत्तरायणला गच्चीवर समरजितचा पतंग अगदी टप्प्यात आला, आणि खिसा वाजला. जयवंतरावांनी खाली फोनकडे पाहिलं, तेवढ्यात समरजितने त्यांचाच पतंग कापला. शेजारच्या गच्चीवरून आरोळी आली, "काप्यो छे!"

"काय म्हणतोय फोन?" बायकोने, कौशल्याबाईंनी, विचारलं.

"सगळं ठीक आहे म्हणतोय."

"मग कशाला सांगतोय? बिघडलं तर ओरड म्हणावं."

जयवंतरावांनी गुपचूप नवा पतंग चढवला. तो जरा स्थिरावतोय, तोच खिसा पुन्हा वाजला. समरजित फिरकी सावरत म्हणाला, "दाजी, तुमचा पहारेकरी आमच्या बाजूचा दिसतोय."