बाबांच्या रक्तातल्या खुणा

नागावात आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीतच पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. बाबांनी विडी कधीचीच सोडली, असं आम्ही मानत होतो, कारण ते तसं सांगत. एखाद्या पर्यटकानं सिगारेट पेटवली की बाबा जवळ जाऊन त्याला धुराचे तोटे समजावत. समजावताना अगदी खेटून उभे राहत. ते आस्थेपोटी असावं, असं मला वाटे.

गेल्या वर्षी माझी भाची राहायला आली. ती मुंबईत रक्तावर संशोधन करते. जेवताना तिनं सांगितलं, की विडी-सिगारेटमुळे जनुकांवर बारीक रासायनिक खुणा उमटतात. जनुक तेच राहतं, पण त्याचं काम कमी-जास्त होतं. ओढणं सोडलं की बऱ्याच खुणा हळूहळू पुसट होतात, काही मात्र वर्षानुवर्षं राहतात. त्यांवरून कॅन्सरनं मरण्याचा धोका कुणाला जास्त, हे ओळखता येतं का, ते तिची मंडळी तपासत होती.

"उद्या सकाळी तुमचं सगळ्यांचं रक्त घेऊ का?" तिनं विचारलं.

"म्हणजे माणूस काय सांगतो त्यावर तुमचा विश्वास न्हाय?" बाबा म्हणाले.

"माणूस विसरतो, आजोबा. रक्त लक्षात ठेवतं."

बाबांनी भात अर्धा टाकला.

सकाळी बघतो तर ते शहाळ्यावर शहाळं पीत होते. रक्त पातळ झालं की खुणा वाहून जातील, असा त्यांचा हिशोब. शेजारी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तीही मुकाट्यानं पीत होती. ती आमच्याकडेच राहते आणि तिला सगळी आळी घाबरते. तिला तहान लागली असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

ओटीवर भाचीनं बाबांच्या दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, "विडी कधी सोडली?"

बाबांनी सुईकडे पाहिलं. "तशी सोडलीय."

"तशी म्हणजे?"

"अंगणात सोडलीय."

"मग ओढता कुठे?"

"पंपाच्या खोलीमागं. पण एकटा न्हाय ओढत."

आम्ही सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"मी त्याच्यावर लक्ष ठेवायला जाते," आत्या म्हणाली.

"मग तुमच्या रक्तात काही सापडायचं नाही, आत्याआजी."

आत्यानं जरा विचार केला. "लक्ष ठेवता ठेवता दोन-चार झुरके जातात."

आई कोपऱ्यात कोळंबी सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "देवघरातली काडेपेटी नेता, ती निदान जागेवर ठेवत जा."

भाचीनं रक्ताच्या नळ्या डब्यात ठेवल्या. "नळीवर फक्त नंबर असतो, आजोबा. कुणाचं काय निघालं, ते घरी कळवत नाहीत."

बाबा दंड चोळत म्हणाले, "हे आधी सांगायचं ना गो बाय."

दुसऱ्या दिवशी आईनं पंपाच्या खोलीमागे दोन खुर्च्या नेऊन मांडल्या आणि चहासुद्धा तिथेच नेऊन दिला. दोघं कशीबशी आठवडाभर तिथे बसली. लपायची गरज उरली नाही, तशी गंमत गेली आणि पुढच्या काही महिन्यांत विडीही गेली. बाबा चिडचिड करत होते, पण सुटली. आपल्याला व्यसन नव्हतंच, भावाला सोबत म्हणून जायचे, असं आत्या अजून सांगते. हल्ली संध्याकाळी दोघं समुद्रावर फिरायला जातात, आणि वाटेत भेटेल त्याला आत्या त्याच्या रक्तावरून घाबरवते.