पाहुणा, बिल्ला नंबर चार

ब्लास्टिंगला दहा मिनिटं उरली होती आणि फळ्यावर एक बिल्ला लटकत होता. पाहुणा, नंबर चार.

वैभववाडीच्या वर, घाटात, आमच्या बोगद्याचं काम चालू आहे. तोंडाशी खिळे ठोकलेला एक फळा आहे. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला खिळ्याला लावायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्याने काढायचा नाही. फळा रिकामा झाला की मी सही करतो, मग सुरुंग उडतो. माझं काम एवढंच. मी भंडाऱ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. आत काम करताना पाय मोडला, तेव्हा साहेबांनी मला घरी पाठवलं नाही, गेटवर बसवलं. त्यांना नाही म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

बिल्ला परुळेकर बाईंचा. मालवणच्या निवृत्त शिक्षिका, विज्ञान कादंबऱ्या लिहितात. भाच्याला घेऊन बोगदा बघायला आल्या होत्या. त्यांच्या नव्या कादंबरीतलं यंत्र एका रात्रीत सह्याद्री आरपार पोखरतं. दगडाची वाफ होते.

"वाफ जाते कुठे?" मी सकाळी विचारलं होतं. आमचा निम्मा दिवस फुटलेला दगड बाहेर काढण्यात जातो.

बाई हसल्या. "ता माका पण ठावक नाय रे. कादंबरेत चलता."

"आणि आत माणूस राहिला तर?"

"यंत्राक दगडातसून काळजाचे ठोके ऐकाक येतत."

तसलंच काहीतरी आमच्याकडेही नुकतं आलं होतं. हेल्मेटमध्ये चिप, ऑफिसात स्क्रीन. आत किती माणसं, आकडा दिसतो.

आता स्क्रीनवर शून्य होतं.

"राऊत, सही कर," साहेब म्हणाले. "ढग बघ."

घाटमाथ्यावर गडगडत होतं. आत भोकांमध्ये दारू भरून वायरी जोडलेल्या. वीज जवळ आली तर सुरुंग आपोआप उडू शकतो. त्यामुळे आत शोधायलाही कुणाला पाठवता येत नव्हतं.

"साहेब, फळा एक दाखवून राहिला ना."

"स्क्रीन शून्य दाखवतेय! बाई बिल्ला काढायला विसरल्या."

"भाच्याने स्वतःचा बिल्ला काढला, दोन्ही हेल्मेटं त्यानेच आणून दिली. स्क्रीन हेल्मेटं मोजते, साहेब. बाईंना बाहेर येताना मी पाहिलं नाही."

"गाडी गेली ना त्यांची?"

"गाडीत कोण होतं ते नाही पाहिलं."

तेव्हा मी दारूच्या ट्रकची नोंद करत होतो. ती चूक माझीच.

ब्लास्टर गावडे वैतागले. "राऊता, ती बाय मालवणाक बसान म्हावरा खाता आसतली. आमका मोकळे कर बघू!"

साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. "तुला इथे बसवला कोणी?"

"तुम्ही."

"मग?"

उद्या कुठे जायचं, घरी काय सांगायचं, सगळं एकदम डोक्यात आलं.

"मी नाही करत, साहेब. पाहिजे तर तुम्ही करा."

साहेबांनी पेन घेतलं. फळ्याकडे बघितलं. पेन खाली ठेवलं आणि फोन लावायला ऑफिसात गेले.

बाईंचा फोन लागेना. भाचा गाडी चालवत असणार, तो उचलेना. मी तोंडाशी जाऊन हाका मारल्या. माझाच आवाज परत आला. बसलो, उठलो, पुन्हा बिल्ला बघितला. गडगडाट जवळ येत होता.

सव्वा तासाने फोन लागला. साहेबांनी तो माझ्या कानाला लावला.

"मी घराच्या वाटेर, कसालाक चाय पितंय रे! काय झाला?"

"बाई, बाहेर कधी आलात?"

"तू ट्रकवाल्यावांगडा बोलत होतंस तेव्हा. हेल्मेट डोक्यात रुतत होता, ता भाच्याकडे दिलंय."

बाईंचा आवाज ऐकला होता, म्हणून बिल्ला फळ्यावर तसाच ठेवून मी सही केली. सुरुंग उडाला. म्हणजे आत कोणी नव्हतंच, स्क्रीन बरोबर होती. रिपोर्टमध्ये आलं: विलंब, कारण गेट. साहेब त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाई एसटी बदलत बदलत आल्या. धापा टाकत चढ चढल्या आणि स्वतःच्या हाताने बिल्ला काढला.

"मी आत नव्हतंय. मगे कित्याक थांबवलंस?"

"ते नंतर कळलं, बाई."

गेल्या महिन्यात कादंबरी आली. मी सावकाश वाचली. दगडाची अजून वाफच होते, ती कुठे जाते ते लिहिलेलं नाही. पण यंत्रापुढे खिळ्यांचा फळा आहे, आणि तो रिकामा होईपर्यंत यंत्र सुरू होत नाही.

मी एवढंच शिकलो: पाहुणे आधी बघायचे, ट्रक नंतर.

साहेब पूर्वी बिल्ला लावत नसत. आता लावतात. काढताना माझ्याकडे बघत नाहीत, पण काढतात स्वतःच्या हाताने.