सुटी बशी कोणाकडून पाठवावी

विक्रेता: स्त्री, वय वर्षे एकोणसाठ. पूर्वीचा हुद्दा: प्रयोगशाळा परिचर, माध्यमिक शाळा, सेवा एकतीस वर्षे, सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा नाही. सध्याचा व्यवसाय: ऑनलाइन सुट्या बशांची विक्री. मुख्य कार्यालय: जेवणाचे टेबल, जेवणाच्या वेळा वगळून. गोदाम: मुलगा-सुनेच्या पलंगाखाली. कर्मचारी: एक. तक्रारी: दोन.

सुट्या बशीला गिऱ्हाईक असतं यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. पण सहा कप आणि पाच बशा असा सेट प्रत्येक घरात असतो आणि पाहुणे नेमके सहा येतात. बाई भंगारवाल्यांकडून, घर बदलणाऱ्यांकडून सुट्या बशा गोळा करत, घासून त्यांचे फोटो काढत आणि खाली नक्षीचं वर्णन लिहीत. 'कडेला निळी वेल, पाने सात, एक पुसट.' पुसट पानाचाही उल्लेख करणारा विक्रेता लोकांना आवडला.

तक्रारी बशांच्या नव्हत्या, तुकड्यांच्या होत्या. दोन बशा पोचेपर्यंत फुटल्या आणि वेबसाइटनं कळवलं की वर्षात तिसरी तक्रार आल्यास दुकान कायमचं बंद होईल. ही सूचना म्हणजे कामगिरी उंचावण्याची संधी समजावी.

बाई हादरल्या. दुकान सुरू होईपर्यंत त्यांना कुणीही हाक मारावी आणि त्यांनी जावं, असा शाळेत आणि घरात दोन्हीकडे रिवाज होता. आता त्यांना "मला वेळ नाही" असं म्हणता यायचं. हे वाक्य त्या दिवसातून तीनदा तरी वापरत, आणि ते खरं असे.

त्याच आठवड्यात हिरव्या पानांच्या, सोनेरी कडेच्या बशीची ऑर्डर आली. तशी बशी एकच होती. गिऱ्हाईक बाईंच्या थोरल्या बहिणीच्याच गावातलं निघालं. बशी महिनाअखेरीला पोचली तरी चालणार होती, फुटकी चालणार नव्हती.

बाईंनी वही काढली. उद्देश: योग्य कुरिअर निवडणे. साहित्य: तीन सारखी खोकी, सहा खडू. खडूंचा डबा निवृत्तीच्या दिवशी शाळेतून त्यांच्या पिशवीत आपोआप आला होता. कुरिअर कंपन्या तीन होत्या आणि त्यांच्या माणसांच्या शर्टांवरून घरात त्यांना लाल, निळा आणि पिवळा म्हणत.

"आई, तिन्ही खोक्यांत खडूच?" सुनेनं विचारलं.

"दोन-दोन."

"आणि पाठवणार कुणाला?"

"ताईला."

"मावशींना खडू कशाला?"

"मोजायला."

सुनेनं चिकटपट्टी आणून दिली. या घरात येऊन तिला सात वर्षं झाली होती.

ताई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आयुष्यात त्यांनी कुणाला नापास केलेलं नव्हतं. पहिलं खोकं लालकडून गेलं आणि चौथ्या दिवशी फोन आला.

"मिळालं गं. छान बांधलंयस."

"खडू कसे आहेत?"

"चार आहेत."

"ताई, मी दोन घातले होते."

"मग वाढलेच की."

निळ्याकडचे दोन्ही अख्खे पोचले. ताईंनी त्यातल्या एका खडूनं पाण्याच्या टाकीवर ती धुतल्याची तारीखही लिहिली. पिवळ्याकडच्यांची भुकटी झाली होती. "पण पांढरीशुभ्र आहे हो," ताई म्हणाल्या.

बाईंनी 'अनुमान: निळा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. निळ्याचं ऑफिस दोन बस बदलून होतं, तरी निघायची तयारी केली. निघण्याआधी ताईला कळवावं म्हणून फोन लावला.

"बरं केलंस," ताई म्हणाल्या. "निळ्यात तो जरा माणसात दिसतो. लाल त्याला मुळीच शोभत नाही."

"कुणाला?"

"त्या पार्सलवाल्याला. तिन्ही कंपन्यांचं इथे तोच आणतो ना. गाडीच्या पेटीत तिन्ही शर्ट असतात, घडी घालून. नीटनेटका आहे."

बाई खुर्चीवर बसल्या. "ताई, मग खडू वेगवेगळे कसे फुटले?"

"लालच्या दिवशी मी झोपले होते, त्यानं फाटकावरून टाकलं. निळ्याच्या दिवशी मी दारातच होते, हातात दिलंन बिचाऱ्यानं. आणि पिवळ्याच्या दिवशी तीनदा बेल वाजवली, पण मला उठता येईना. मग खालूनच गॅलरीत फेकलं."

"उठता का येईना?"

"तुझा फोन चालू होता ना. पार्सल आलं का, विचारत होतीस."

एकतीस वर्षांत बाईंच्या हातून एकही परीक्षानळी फुटली नव्हती. दोन खडू मात्र त्यांनी घरबसल्या फोडले होते. दोन रेघांखालचं अनुमान त्यांनी खोडलं आणि नवीन लिहिलं: 'घेणारा दारात असावा.' बशी पाठवली आणि चौथ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाला फोन केला. ते एक वयस्कर गृहस्थ होते.

"आज अकरा ते एक दारात थांबाल का?"

"मी घरातच असतो हो."

"घरात नको. दारात."

"खुर्ची टाकून बसलो तर?"

"चालेल. पण फोनवर बोलू नका."

"आत्ता बोलतोय ते?"

"ठेवते."

"थांबा. माणूस ओळखायचा कसा? शर्ट कुठल्या रंगाचा?"

"शर्टाकडे बघूच नका. हात पुढे करा."

एक वाजून दहा मिनिटांनी गृहस्थांचा फोन आला. बशी अख्खी होती. ऊन फार होतं, असंही ते म्हणाले. वेबसाइटवर त्यांनी लिहिलं: 'माल उत्तम. बसवून ठेवतात.' त्याला तक्रार समजावं की नाही यावर वेबसाइटनं दोन दिवस विचार केला. बाईंनी ते दोन दिवस घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक हाकेला ओ दिली आणि सून काळजीत पडली.

तिसऱ्या दिवशी वेबसाइटचं ठरावीक छापाचं पत्र आलं. 'उपलब्ध वाहतूकदारांचे तौलनिक परीक्षण करून सर्वाधिक सुरक्षित सेवेची काटेकोर निवड केल्याबद्दल आपणांस विश्वासार्ह विक्रेता श्रेणीत बढती देण्यात येत आहे.'

बशी पिवळ्याकडून गेली होती. त्याचं ऑफिस भाजीच्या वाटेवर आहे.