हँडब्रेकची जागा

मामानं सुरू असलेली गाडी पुन्हा सुरू केली, त्या सकाळी मला पहिल्यांदा शंका आली. इंजिन चालू असताना किल्ली फिरवली की आतून कर्रर्र असा आवाज येतो. तो ऐकून शेजारचे काका गॅलरीत आले. मामा मात्र किल्ली धरून शांत बसला होता. असं करणाऱ्या नवशिक्यांच्या नकला करून आम्हाला हसवण्यात त्याचा जन्म गेला होता. मी मनाची समजूत घातली, की वय झालं, लक्ष नसेल.

मामा जन्मभर ड्रायव्हर. एका कारखानदाराची गाडी त्यानं चालवली आणि मालक थकल्यावर तीच गाडी स्वतःच्या दारात आणून उभी केली. काच खाली करायला हातानं फिरवायची मूठ, थंडीत ओढायचा चोक आणि समोर तीन काटे, त्यातला पेट्रोलचा कायम खोटं बोलणारा. रोज सकाळी तो बॉनेट उघडायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. काय दुखतंय ते ही स्वतः सांगते, म्हणायचा. त्यावर मामी म्हणायची की माझं दुखणं कधी एवढ्या मायेनं विचारलं नाही.

नोकरीतली एक सवय त्यानं घरातही सोडली नाही. सवारी मागे. बायको असो की भाची, पुढची सीट कुणालाच नाही. मी चिडायचे, म्हणून लहानपणी त्यानं मला एक काम देऊन टाकलं होतं. गाडी थांबली की मागून दोन सीटच्या मधे वाकायचं आणि हँडब्रेक ओढायचा. कट कट कट झालं की मामा म्हणायचा, "झोपली." मग इंजिन चालूच ठेवून तो फाटक उघडायला उतरायचा. मी मोठी झाले, नोकरीला लागले, तरी ते काम माझंच राहिलं.

मग दादानं, म्हणजे मामाच्या मुलानं, बॅटरीवर चालणारी नवी गाडी आणली. समोर टीव्हीएवढा पडदा, किल्लीच्या जागी बटण, आणि बेल्ट लावला नाही तर बोलणारी बाई. मामानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि तोंड वाकडं केलं. "ही चालू आहे की मेली आहे, कळणार कसं?" दादा समजावत होता की सगळं पडद्यावर दिसतं, काही चुकलं तर गाडी शिट्टी वाजवते. मामा नुसता त्याच्या ओठांकडे बघत होता. जुन्या गाडीला गिऱ्हाईक बघितलंय, ते रविवारी येणार, तोवर नव्या गाडीवर हात बसवून घ्या, असं दादानं सांगून टाकलं. ट्रॅफिक हवालदाराशी तासभर हुज्जत घालणारा मामा त्यावर एक शब्द बोलला नाही. मला तेच खटकलं, पण मला वाटलं, रुसलाय.

शनिवारी आम्ही दोघं नव्या गाडीतून मावशीकडे निघालो. मी अर्थातच मागे. मामानं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. सिग्नलला मागची गाडी हॉर्न देत राहिली तरी तो हलेना. मी त्याचा खांदा हलवला तेव्हा तो दचकला. एरवी गप्पांचा पाऊस पाडणारा माणूस, पण वाटेत मी विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही.

मावशीच्या घरापुढे उतार आहे आणि उताराच्या शेवटी लोखंडी फाटक. मामानं गाडी थांबवली. थांबली की ती थोडा वेळ आपोआप थांबून राहते. हाताला इंजिनाची थरथर लागत नाही, म्हणजे बंद झाली, असं त्यानं धरलं असणार. बेल्ट सोडला, दार उघडं टाकलं आणि नेहमीसारखा फाटकाकडे गेला. गाडी शिट्ट्या मारू लागली. लांबलचक, कर्कश शिट्ट्या. तो पाठमोरा कडीशी झटापट करत होता.

आणि गाडी हलली.

मी ओरडले. पुन्हा ओरडले. मामा माझ्यापासून चार हातांवर होता आणि त्याची मान जरासुद्धा वळली नाही. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. माझा हात आपसूक दोन सीटच्या मधे गेला. तिथे हँडब्रेक नव्हता. पेला ठेवायची खोबण होती, आणि माझी बोटं त्या खोबणीत काहीतरी ओढायला शोधत होती. मामाची पाठ मोठी मोठी होत चालली होती. त्याच्या सदऱ्याची उसवलेली शिवण मला दिसत होती. मी पुढे झेपावले आणि दिसेल ते बटण दाबत सुटले. गाडी हिसका देऊन थांबली.

मी थांबवली की तिची ती थांबली, मला आजही माहीत नाही. दादा म्हणतो, समोर माणूस दिसला की ती थांबतेच. तो सांगतो, मी ऐकते, आणि माझी बोटं पुन्हा काहीतरी ओढायला शोधू लागतात.

मामानं फाटक उघडलं, वळला आणि गुडघ्याला टेकायला आलेला बंपर त्याला दिसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अजून ओरडतच होते.

घरी आल्यावर तो थेट जुन्या गाडीपाशी गेला. मला सुरू करायला लावली, स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. मी समोर जाऊन, तोंड दिसेल अशी उभी राहिले आणि विचारलं, कधीपासून?

"हिचं अजून ऐकू येतं," तो म्हणाला. "हाताला येतं, पायाला येतं. तुमचं कुणाचंच येत नाही." मग हळूच म्हणाला, "मला फार भीती वाटते गं. दादाला कळलं तर ही जाईल, आणि मग सगळंच बंद." म्हणजे रविवारच्या गिऱ्हाइकाचंही त्याला ऐकू गेलं नव्हतं.

मला रडू आवरेना. रागही आला होता, त्याच्यावर आणि स्वतःवर. दादाला मी सांगणारच होते आणि ते त्याला माझ्या तोंडावर वाचता आलं असावं. त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

रविवारी गिऱ्हाईक आलं, तसंच परत गेलं. मी सगळं सांगितल्यावर दादानंच त्याला नाही म्हटलं. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. जुनी गाडी मी चालवायला बसले. मामा सवयीनं मागचं दार उघडायला गेला, थांबला, आणि मालकाच्या त्या गाडीत पहिल्यांदाच चालवणाऱ्याच्या शेजारी येऊन बसला. त्यानं गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला.

"आतलं मी सांगतो," तो म्हणाला. "बाहेर कुणी हाका मारत असेल, तर तू सांग."